जुन्या फरशीवर नवी जमीन



घराची जमीन हा आपल्या बोलण्यात सहसा न येणारा विषय आहे. भिंतीचा रंग पाहुण्यांच्या लक्षात येतो, छत गळू लागले म्हणजे सारे घर वर पाहू लागते. जमीन मात्र पायांखाली निमूट पडून असते. वास्तविक घरातील सर्वांत अधिक राबणारी वस्तू तीच. मूल तिच्यावर रांगावयास शिकते, सणावारी पंगत तिच्यावर बसते, उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या अंगाने पडण्याचे सुख तिच्याकडूनच मिळते, आणि वय झालेली माणसे तिच्यावर जपून पाऊल टाकतात. पुण्याकडे तिला फरशी म्हणतात, मुंबईत लादी म्हणतात, खेड्यातील जुन्या घरात ती अजून भुईच आहे. नाव कोणतेही असो, घर जुने झाले म्हणजे तीही झिजते, खचते, कळाहीन होते, आणि मग तिचे काय करावे असा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो.

अलीकडे शहरांतून घराची डागडुजी निघाली की एक सल्ला हटकून मिळतो. जुनी फरशी उखडू नका. तिच्यावरच लॅमिनेटच्या फळ्या बसवा, दोन-तीन दिवसांत घर नवे दिसू लागेल. हा सल्ला खोटा नाही. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग खाली राहणाऱ्या जुन्या फरशीविषयी आहे, आणि घरात राहणाऱ्या माणसांच्या सवयींविषयी आहे. तो अर्धा भाग आज आपणापुढे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम, आपल्या पायांखाली काय असते ते पाहू. फार जुन्या घरातून मुरूम घालून, चोपून, शेणाने सारवलेली भुई असे. वाड्यांतून चुन्याचा कोबा असे. गवंडी आणि मजूर तो दिवसचे दिवस चोपीत व घोटीत, तेव्हा कोठे त्याला गुळगुळीतपणा येई. पुढे शहाबादी फरशी आली. ती ज्या गावावरून ओळखली जाते ते शहाबाद आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आहे. पूर्वी तो भाग निजामाच्या राज्यात होता. आंध्रातील कडप्पा आणि राजस्थानातील कोटा ही गावेही अशीच आपल्या घरांतून दगडाच्या रूपाने नांदत आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंतांच्या घरी विलायतेतून नक्षीच्या टाइल्स येत. त्यांना पर्याय म्हणून स्वदेशीच्या भावनेने १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघाली, आणि सिमेंटच्या रंगीत, वेलबुट्टीच्या टाइल्स येथेच बनू लागल्या. त्यानंतर संगमरवराच्या चिपांची मोझॅक टाइल घरोघर गेली, आणि शेवटी भट्टीत भाजलेली, आरशासारखी चमकणारी टाइल आली.

या सर्व जमिनी एकमेकींहून कितीही भिन्न असल्या तरी त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्या पाण्याची ओळख ठेवून केलेल्या आहेत. सारवलेल्या भुईचे तर नूतनीकरणच शेण आणि पाणी यांनी होते. कोबा, शहाबादी, मोझॅक या सर्व जमिनी धुण्यासाठीच केलेल्या. म्हणूनच आपला जुना गवंडी खोलीची जमीन करताना तिला मोरीकडे किंवा दाराकडे किंचित ढाळ देत असे. दिवाळीच्या आधी घर धुवायला काढले की बादलीभर पाणी ओतावे, खराट्याने लोटावे, आणि ते पाणी आपल्या पायांनी बाहेर चालते व्हावे, अशी ती योजना होती. हा ढाळ ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता वर येऊन बसू पाहणारी ही नवी वस्तू कोणती? लॅमिनेट म्हणजे थरावर थर दाबून केलेली फळी. तिचा गाभा लाकडाचा असतो, परंतु अखंड लाकडाचा नव्हे. लाकूड फोडून त्याचे बारीक तंतू काढतात, त्यांत कृत्रिम राळ मिसळतात आणि उष्णता व दाब यांच्या योगाने त्याचा घट्ट तक्ता करतात. त्या तक्त्यावर एक छापील कागद बसतो. सागवान म्हणा, अक्रोड म्हणा, जे लाकूड आपणास दिसते ते या कागदावरील चित्र असते. त्या चित्रावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर असतो, आणि त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय कठीण कण असतात. पायांच्या घासणीला तोंड देण्याचे काम त्यांचे. फळी वाकू नये म्हणून खालच्या अंगालाही एक थर असतो. घरगुती वापराची फळी बहुधा ८ ते १२ मिलिमीटर जाडीची असते.

ही कल्पना स्वीडनमधील. पर्स्टॉर्प नावाच्या तेथील कंपनीने १९७७ मध्ये ती प्रत्यक्षात आणली, आणि पर्गो या नावाने ती जमीन पुढे जगभर गेली. आरंभी फळ्यांचे सांधे सरसाने चिकटवावे लागत. १९९६-९७ च्या सुमारास स्वीडन आणि बेल्जियम येथील कारखानदारांनी फळ्यांच्या कडांना अशा खाचा व जिभा दिल्या, की एक फळी दुसरीत तिरपी घालून खाली दाबली की खटकन अडकून बसावी. सरस गेला, खिळे गेले, आणि काम सोपे झाले. मात्र ही वस्तू जेथे जन्मली तेथील बैठकीच्या खोलीत बादलीने पाणी ओतून जमीन धुण्याची चाल नाही, ही गोष्ट तिच्याबरोबर आलेल्या रंगीत पुस्तिकेत लिहिलेली नसते. ती आपण आपल्या मनाशी लिहून ठेवावी.

लॅमिनेटची जमीन खालच्या फरशीला कोठेही जखडलेली नसते. चटई अंथरावी तशी ती अंथरलेली असते. फळ्या एकमेकींत गुंतून त्यांचा एक सलग पट होतो आणि तो आपल्या भाराने पडून राहतो. कारागीर हिला तरंगती जमीन म्हणतात. तिचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका गोष्टीतून निघतात.

गुण आधी पाहू. पहिला गुण वजनाचा. जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर चार सेंटिमीटर मसाला व त्यावर टाइल असे नवे काम केले, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार वाढतो. तेवढ्याच जागेवर ८ मिलिमीटर जाडीच्या लॅमिनेटचा भार सात किलोंच्या आसपास असतो. मुंबईच्या जुन्या इमारती, पुण्या-नाशिकचे वाडे, बडोदे आणि इंदूर येथील जुनी घरे यांतून कितीतरी वरचे मजले लाकडी तुळयांवर उभे आहेत. तेथे हा फरक शोभेचा नाही, सुरक्षिततेचा आहे. अशा मजल्यावर कोणतेही काम काढण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून तुळया तपासून घ्याव्यात, हे वेगळे सांगणे न लगे.

दुसरा गुण असा की, जुनी फरशी फोडावी लागत नाही. फोडकाम म्हणजे धूळ, आवाज, राबिटाच्या गोणी, शेजाऱ्यांशी वाद, आणि कधी कधी खालून गेलेल्या नळाला बसलेला पहारीचा घाव. आणखीही एक धोका आहे. गेल्या शतकात जगभर व्हिनाइलच्या काही टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस मिसळीत असत. तशा जुन्या टाइल्स घासल्या किंवा फोडल्या, की त्यांतील तंतू हवेत उडून फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्या शाबूत असतील तर न दुखविता झाकणेच शहाणपणाचे.

तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. तरंगती जमीन उचलता येते. खाली वेलबुट्टीच्या जुन्या टाइल्स असतील, आज त्या नकोशा वाटत असतील, तरी वीस वर्षांनी घरातील पुढच्या पिढीला त्या हव्याशा वाटू शकतात. त्या वेळी फळ्या काढाव्यात, आणि खालची नक्षी जशीच्या तशी मिळावी. पहार एकदा चालली की ही वाट कायमची बंद होते.

आता दोषांकडे वळू. वरचा पट खालच्या फरशीवर नुसता टेकलेला असल्यामुळे खालची फरशी जशी असेल तशी वरची जमीन वागते. झाकण्याने दोष दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. म्हणून फळ्यांचा नमुना पसंत करण्यापूर्वी जुन्या फरशीला तीन प्रश्न विचारावेत. तू कोरडी आहेस का? तू सपाट आहेस का? तू घट्ट आहेस का?

पहिला प्रश्न कोरडेपणाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. तळमजल्यावरील घरात जमिनीतून ओल वर चढते. वरच्या मजल्यावर ती न्हाणीघराच्या भिंतीतून, फुटक्या नळातून किंवा गच्चीतून येते. दगडी फरशीला या ओलीचे विशेष वाटत नाही. ती ओल वर येते आणि हवेत उडून जाते. पण लॅमिनेट घातले की ती खाली कोंडते. तंतूंचा गाभा ती पितो, कडा फुगतात, सांधे उभे राहतात, आणि कुबट वास येऊ लागतो. वाळवीला तर ओल आणि लाकूड एकत्र मिळणे म्हणजे आमंत्रणच.

ओल ओळखण्याची एक घरगुती रीत आहे. हातभर लांब व हातभर रुंद असा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्यावा, तो फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि चोवीस तास तसाच राहू द्यावा. नंतर काढून पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव धरले असेल, किंवा तेवढीच फरशी काळवंडलेली दिसत असेल, तर ओल आहे असे समजावे. हा प्रयोग खोलीत दोन-तीन ठिकाणी करावा, विशेषतः बाहेरच्या भिंतीलगत आणि न्हाणीघराच्या बाजूला. आणि शक्य तर पावसाळ्यात करावा, कारण चैत्र-वैशाखात कोरडी ठणठणीत दिसणारी फरशी श्रावणात निराळे बोलते. भिंतीच्या पायथ्याशी रंगाचे पोपडे सुटले असतील किंवा लोणा धरला असेल, तर वेगळ्या परीक्षेची गरजच नाही.

ओल सापडली तर ती कोठून येते ते शोधून तेथेच बंद केली पाहिजे. फळ्यांच्या खाली प्लॅस्टिकचा पडदा अंथरतात, आणि सिमेंटच्या किंवा दगडाच्या जमिनीवर तो अंथरावाच. पण तो किरकोळ दमटपणापुरता असतो. वाहती ओल त्याने थांबत नाही. तिची वर येण्याची वाट बंद झाली, की ती भिंतीची वाट धरते.

दुसरा प्रश्न सपाटपणाचा. येथे दोन शब्दांत गल्लत होऊ देता कामा नये. ढाळ निराळा आणि खड्डा निराळा. आपल्या जुन्या जमिनींना ढाळ असतो हे मघाशी सांगितले. खोलीभर एकसारखा, सौम्य ढाळ असेल तर लॅमिनेटला त्याची अडचण नसते. फळ्या त्या उतारावर निवांत पडून राहतात. अडचण असते ती उंचवट्यांची आणि खळग्यांची. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी फरशीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवून पाहावी. पट्टीखाली सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसली, तर ती जागा दुरुस्त करावी. उंचवटा घासून काढावा. खळगा असेल तर आपोआप पसरून सपाट होणारे जे सिमेंटचे मिश्रण तयार मिळते त्याने भरावा, आणि ते पुरते वाळू द्यावे. ही दुरुस्ती केली नाही तर काय होते? खळग्यावरची फळी प्रत्येक पावलाला थोडी दबते आणि पुन्हा वर येते. दिवसातून शेकडो वेळा असे झाले की खाच आणि जीभ यांचा सांधा तुटतो. तेथे आधी कुरकुर ऐकू येते, मग फट दिसते, आणि त्या फटीतून पाणी आत जाते.

खळगा झाकण्यासाठी कोणी कारागीर खाली फोमचे दोन-तीन थर घालण्याचे सुचवितो. ते मान्य करू नये. फळीखालचा फोम दोन-तीन मिलिमीटरचा, एकच थर असावा. जितके अंथरूण मऊ, तितकी फळी अधिक दबते आणि सांध्यावर अधिक ताण येतो. एक चांगला फोम मात्र अवश्य घालावा, कारण तरंगत्या जमिनीवर पावलांचा आवाज पोकळ येतो, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला आपल्या घरातील प्रत्येक फेरी मोजण्याची पाळी येऊ नये.

तिसरा प्रश्न घट्टपणाचा. एक जाड नाणे किंवा काठी घेऊन प्रत्येक फरशी वाजवून पाहावी. भरीव फरशीचा आवाज टणक येतो, खालून सुटलेल्या फरशीचा बद्द येतो. जी फरशी डुगडुगते तिला काढून पुन्हा मसाल्यात बसवावे. शहाबादीचे सांधे रुंद आणि खोल असतात, तेही सिमेंटने भरून पातळीत आणावेत. आणि जी भुई मातीची, शेणाने सारवलेली आहे तिच्यावर लॅमिनेट मुळीच घालू नये. ती भुई श्वास घेते. तिच्यावर आधी पक्का, ओल न चढणारा पाया करावा लागतो.

या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर चौथा प्रश्न घरातील माणसांना विचारावयाचा. आपण आपली जमीन रोज कशी पुसतो? आपल्याकडे बहुतेक घरांतून ओल्या फडक्याने, बादलीत पुन्हा पुन्हा बुडवून जमीन पुसली जाते, आणि पाण्याचे ओघळ दिसल्याखेरीज ती स्वच्छ झाली असे कोणाला वाटत नाही. लॅमिनेटला हे मानवत नाही. तिला केर काढणे आणि घट्ट पिळलेल्या, जेमतेम दमट फडक्याने पुसणे एवढेच पुरते. सांडलेले पाणी लगेच टिपले तर काही बिघडत नाही. आता पाणी काही तास सहन करणाऱ्या फळ्याही मिळतात, पण काही तास आणि रोजची धुलाई यांत अंतर आहे. तेव्हा घरात जमीन पुसणारी व्यक्ती, मग ती गृहिणी असो, गृहस्थ असो की कामाला येणाऱ्या बाई असोत, तिला हे सारे आधी समजावून सांगितले पाहिजे. तिला न विचारता घेतलेला निर्णय दोन पावसाळ्यांत अंगाशी येतो, आणि दोष मात्र तिच्या माथी मारला जातो.

याच कारणाने स्वयंपाकघर, न्हाणीघर, मोरी आणि उघडी गॅलरी येथे लॅमिनेट नको. देवघराचा कोपराही विचारात घ्यावा; अभिषेकाचे पाणी आणि समईचे तेल जेथे रोज पडते तेथे जुनी फरशी उघडी ठेवणे बरे. ज्या घराला धुण्याची सवय सोडवणार नाही त्याने दगडाच्या भुकटीचा गाभा असलेल्या, पाण्याने न फुगणाऱ्या व्हिनाइलच्या फळ्यांचा विचार करावा, किंवा जुन्या मोझॅकला पुन्हा घासून पॉलिश करून घ्यावे. कित्येकदा हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उपाय ठरतो. एक आपली चाल मात्र लॅमिनेटच्या पथ्यावर पडणारी आहे. आपण पादत्राणे दाराबाहेर काढतो. तिच्या वरच्या थराला सर्वांत अधिक ओरखडे पडतात ते जोड्यांबरोबर येणाऱ्या वाळूने, आणि ती वाळू आपल्या घरी उंबरठ्याबाहेरच थांबते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे. फळ्यांवर एसी ३, एसी ४ असे आकडे असतात. त्यांचा वातानुकूलनाशी संबंध नाही. वरचा थर किती झीज सोसतो त्याची ती प्रत आहे. घरासाठी एसी ३ पुरते, वर्दळ अधिक असेल तर एसी ४ घ्यावे. गाभ्यातील राळेतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, म्हणून तो कमी सोडणारी, ई-१ किंवा त्याहून चांगल्या प्रतीची फळी मागावी. आणलेल्या फळ्या पेट्यांसह त्याच खोलीत अठ्ठेचाळीस तास आडव्या ठेवाव्यात, म्हणजे तेथील हवेशी त्यांचे जुळते.

हवेशी जुळणे ही कल्पनेतील गोष्ट नाही. पावसाळ्यात लाकडी खिडकी घट्ट होते, कपाटाचा खण ओढता ओढत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. फळीतील तंतूही तसेच दमट हवेत फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. कोकण, गोवा, कलकत्ता येथे हवा बाराही महिने दमट. दिल्ली आणि नागपूर येथे मे महिन्यात ती कडकडीत कोरडी, तर ऑगस्टमध्ये ओलीचिंब. म्हणून खोलीच्या चारही भिंतींलगत, चौकटींभोवती, नळाभोवती आठ ते दहा मिलिमीटर मोकळी फट सोडावी लागते. काम चालू असता त्या फटीत लाकडी पाचरी ठेवतात आणि शेवटी काढून घेतात. ही फट भिंतीच्या पायथ्याशी बसविलेल्या पट्टीने झाकली जाते. ती पट्टी भिंतीला ठोकावी, जमिनीला नव्हे. फट सोडली नाही, तर पहिल्या पावसाळ्यात फुगलेल्या पटाला पसरायला जागा उरत नाही, आणि तो खोलीच्या मध्यभागी पापडासारखा वर येतो. भिंतीतली जड कपाटे आधी उभी करावीत आणि जमीन त्यांच्यापर्यंत आणून थांबवावी. त्यांच्याखाली घातली तर पट जागीच जखडतो आणि तरंगती जमीन तरंगत नाही.

आपल्या जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. म्हणून आधी रुंदी मोजून हिशेब करावा; शेवटची ओळ पाच सेंटिमीटरपेक्षा अरुंद येत असेल तर पहिली ओळही थोडी कापून दोन्हीकडे सारखी रुंदी ठेवावी. शेजारशेजारच्या ओळींतील आडवे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. गवंडी विटांच्या भिंतीत जशी सांधेमोड करतो, तशी येथे निदान तीस सेंटिमीटरची करावी. कापण्यात वाया जाणारा भाग धरून आठ-दहा टक्के माल अधिक घ्यावा, आणि उरलेल्या चार फळ्या माळ्यावर जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळेलच असे नाही.

शेवटी एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. फळी आणि फोम मिळून जमीन दहा ते पंधरा मिलिमीटरांनी वर येते. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. पण दारे खाली घासू लागतात, ती तेवढी कापावी लागतात. न्हाणीघराच्या दाराशी पाणी अडविणारा जो उंबरा होता तो तेवढाच ठेंगणा होतो, आणि एखादे दिवशी नाली तुंबली की पाणी सरळ नव्या जमिनीखाली शिरते. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना जेथे आजवर पायरी नव्हती तेथे एक बारीकशी पायरी तयार होते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या ज्या आजी त्या घरात चाळीस वर्षे अंधारातसुद्धा न चाचपडता वावरल्या, त्यांच्या पावलांना ती पायरी ठाऊक नसते. उंच पायरी दिसते आणि माणूस पाय उचलतो. बोटभर पायरी दिसत नाही, आणि नेमका तिलाच अंगठा अडतो. या वयात मोडलेले खुब्याचे हाड म्हणजे काय, हे ज्या घरांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. म्हणून दोन जमिनी जेथे मिळतात तेथे दोन्हीकडे उतरती होत जाणारी पट्टी बसवावी, तिचा रंग जमिनीहून वेगळा आणि उठून दिसणारा असावा, रात्री तेथे मंद दिवा असावा, आणि काम झाल्यावर घरातील वडील माणसांना हात धरून त्या जागेवरून चार वेळा चालवावे. गुळगुळीत, चकचकीत नमुन्यापेक्षा किंचित खरखरीत पृष्ठाचा नमुना निवडावा, हेही त्यांच्यासाठीच.

नव्या जमिनीचे पैसे आपण मोजतो ते वरच्या फळ्यांसाठी. पण काम टिकते ते खालच्या फरशीवर, आणि ज्या घरासाठी ते काढले त्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ते मानवले पाहिजे. तेव्हा कारागिराला बोलावण्याच्या आदल्या रविवारी घरातील सतरंज्या उचलाव्यात, कपाटे थोडी सरकवावीत, आणि हातात नाणे, सरळ पट्टी आणि प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आपली जुनी फरशी एकदा नीट पाहून घ्यावी. कदाचित ती झाकण्याजोगी निघेल, कदाचित आधी दुरुस्त करावी लागेल. आणि कदाचित असेही होईल, की धूळ पुसून पाहिल्यावर ती झाकावीच कशाला असे आपणास वाटू लागेल. तिन्ही निर्णय योग्यच आहेत. फक्त ते फरशी पाहिल्यानंतर घेतलेले असावेत.